खेळणे विणण्यापूर्वी

एक सुई, एक दोरा आणि दोन हात एवढ्याच भांडवलावर ज्या मोजक्या कला उभ्या आहेत, त्यांत क्रोशाच्या विणकामाचा क्रम फार वरचा लागतो. विणकराला माग लागतो, शिंप्याला कापड लागते, कुंभाराला चाक आणि भट्टी लागते. क्रोशाला यांपैकी काहीच लागत नाही. सुईच्या टोकाला असलेल्या आकड्याने दोऱ्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घ्यावयाचा आणि त्यातून पुन्हा तिसरा ओढावयाचा, एवढीच काय ती क्रिया. ‘क्रोशे’ हा शब्द मूळचा फ्रेंच भाषेतला असून त्याचा अर्थच मुळी ‘लहान आकडा’ असा आहे. महाराष्ट्रातील घराघरांतून या आकड्याने दाराची तोरणे, ताटावर झाकावयाचे रुमाल आणि मेजावरची आच्छादने विणली. कित्येक घरांत आजीच्या पेटीत अशी एखादी सुई अजूनही सापडते.

याच सुईने आणि याच टाक्यांनी ससा, हत्ती, कासव, बाहुली अशी भरीव खेळणीही विणता येतात. जपानी लोकांनी या प्रकाराला ‘अमिगुरुमी’ असे नाव दिले. ‘अमि’ म्हणजे विणणे आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे आत भरण घालून शिवलेली बाहुली. या दोन शब्दांच्या जोडणीतून ते नाव तयार झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत हे नाव आणि ही खेळणी जगभर पसरली. आपल्याकडील चिंध्यांच्या बाहुलीची ही दूरदेशीची बहीणच म्हणावयाची; एकीचा देह चिंध्यांचा, दुसरीचा दोऱ्याचा, एवढाच फरक.

रुमाल विणणे आणि खेळणे विणणे यांत मात्र एक मोठे अंतर आहे. रुमालाचा एखादा टाका सैल राहिला तर रुमाल कुरूप दिसतो, त्यापलीकडे कोणाचे काही बिघडत नाही. खेळण्याचा टाका सैल राहिला तर आतील भरण बाहेर येते, डोळा निसटतो, आणि ज्या मुलाच्या हाती ते खेळणे असते त्याला दिसेल ती वस्तू तोंडात घालण्याची सवय असते. म्हणून खेळणे विणावयास बसणाऱ्याने दुकानात गेल्यावर ‘कोणता रंग घ्यावा’ हा प्रश्न मागाहून विचारावा. त्याआधीचा प्रश्न ‘हे खेळणे कोणाच्या हाती जाणार’ हा आहे. कपाटात शोभेसाठी ठेवावयाचे कासव, सात वर्षांच्या मुलीची बाहुली आणि सहा महिन्यांच्या बाळाचा ससा ही तिन्ही एकाच नमुन्यावरून विणली तरी त्यांचा दोरा, त्यांचे भरण आणि त्यांचे डोळे एकसारखे असून चालणार नाहीत.

साहित्याचा विचार करण्यापूर्वी हे खेळणे तयार कसे होते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. क्रोशामध्ये ‘साखळी’, ‘मुका खांब’ आणि ‘खांब’ हे नेहमीचे टाके होत. खांब उंच असतो व दोन खांबांच्या मध्ये फट राहते. तोरणाची जाळी त्यानेच साधते. मुका खांब बुटका आणि घट्ट असतो. खेळण्याच्या अंगाला फट नको असते, म्हणून ते बहुधा मुक्या खांबांनीच विणतात. आरंभी दोऱ्याच्या एका लहानशा फासात ६ मुके खांब घालतात. पुढच्या फेरीत ते १२ होतात, मग १८, २४, ३० आणि ३६. असे प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवीत गेल्यास सपाट चकती तयार होते. वाढविणे थांबवून तेवढ्याच टाक्यांच्या फेऱ्या घातल्या, की तिच्या कडा वर उचलल्या जातात व तिची वाटी बनते. आणि पुढे टाके कमी करीत गेल्यास वाटीचे तोंड मिटून चेंडू होतो. हत्तीचे पोट असो वा बाहुलीचे डोके असो, मूळ हिशेब हाच.

या हिशेबात टाक्यांची संख्या आहे, इंचांची किंवा सेंटिमीटरांची मापे नाहीत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एकच नमुना जाड दोऱ्याने विणला तर मोसंबीएवढे डोके होते आणि अगदी बारीक सुती दोऱ्याने विणला तर आवळ्याएवढे. सदऱ्याचे माप चुकले तर सदरा वाया जातो. ससा ठरल्यापेक्षा दोन बोटे मोठा झाला तरी तो ससाच राहतो. त्यामुळे खेळण्यासाठी दोरा निवडताना जाडीचे बंधन फारसे नसते. बंधन असते ते दोऱ्याच्या जातीचे.

दोऱ्याच्या दुकानात एक घोटाळा हटकून होतो. मेंढीची खरी लोकर आणि कारखान्यात रसायनांपासून बनविलेला ॲक्रिलिकचा दोरा या दोहोंनाही आपल्याकडे ‘लोकर’ असेच म्हणतात. वास्तविक दोघांचे कूळ अगदी निराळे आहे. खऱ्या लोकरीचा तंतू हा केसाच्याच जातीचा असून त्याच्या अंगावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात घालून चोळल्यास हे खवले एकमेकांत अडकतात, लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. लोकरीचे खेळणे मऊ, उबदार आणि देखणे असते खरे. परंतु ज्याला दर आठवड्याला धुवावे लागणार आहे अशा खेळण्याला ती सोसत नाही, शिवाय काही मुलांच्या नाजूक त्वचेला ती टोचते. ॲक्रिलिकचा दोरा विसाव्या शतकाच्या मध्यास बाजारात आला. तो स्वस्त असतो, नाना रंगांत मिळतो, धुण्याने आटत नाही. नवशिक्याने चार वेळा विणावे, चार वेळा उसवावे, तरी खिशाला झळ लागत नाही. परंतु उष्णतेने तो वितळतो आणि घर्षणाने त्यावर बारीक गोळ्या धरतात. हलक्या प्रतीच्या दोऱ्याला तर दोन दिवसांतच अशा गोळ्या येतात.

दोरा कोणत्या जातीचा आहे याविषयी शंका असल्यास एक जुनी परीक्षा आहे. ती मोठ्या माणसाने, हाताशी पाणी ठेवून करावी. दोऱ्याचा एक लहानसा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटाने चुरगळते. सूत कागदासारखे भुरभुर जळून त्याची मऊ करडी राख मागे राहते. ॲक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा काळा, टणक मणी बनतो. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ही राख अधिक खरे बोलते.

राहिला सुती दोरा. विदर्भ आणि खानदेश येथील काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाची ओळख महाराष्ट्रातील मुलांना करून देण्याचे कारण नाही. सुताला ताण फारसा नसतो, त्यामुळे विणताना बोटांना ते लोकरीपेक्षा किंचित हट्टी वाटते. पण विणून झाल्यावर त्याचा प्रत्येक टाका ओळीने मांडलेल्या दाण्यांसारखा स्पष्ट दिसतो आणि वस्तूचा आकार ढळत नाही. ते गरम पाण्यात धुता येते, उन्हात वाळविता येते आणि त्याचे तंतू तोंडात जाण्याची भीती केसाळ लोकरीपेक्षा पुष्कळच कमी. सुतातही एक चकचकीत प्रकार मिळतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज रसायनज्ञाला १८४४ साली असे आढळून आले, की कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणाने सूत अधिक बळकट होते आणि रंगही अधिक चांगला धरते. ताणून धरलेल्या सुतावर हीच क्रिया केली तर त्याला रेशमासारखी झळाळी चढते, हे पुढे इतरांनी दाखविले. मर्सरच्या नावावरूनच त्याला ‘मर्सराइज्ड’ सूत म्हणतात. दिसावयास ते सुंदर असले, तरी सुईवरून निसटते. म्हणून पहिल्या खेळण्याला साधे, मळकट झळाळीचे सूत बरे. तान्ह्या बाळाच्या खेळण्याचा प्रश्न असेल तेव्हा मात्र निवड करावयाची उरतच नाही. तेथे सूतच घ्यावे.

जात ठरली की दोरा हातात घेऊन पाहावा. त्याचे पदर घट्ट पिळलेले असावेत. पीळ सैल असेल तर सुईचा आकडा पदरांच्या मधोमध शिरतो, दोरा फाटतो आणि टाका अर्धामुर्धा पकडला जातो. पहिल्या खेळण्याला फिका, एकरंगी दोरा घ्यावा. काळ्या किंवा गर्द निळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत आणि टाके मोजता आले नाहीत तर सहा-सहाचा सारा हिशेबच कोलमडतो. अंगावर लांब केस असलेली फुलोऱ्याची लोकर पाहताक्षणी मोह घालते, कारण तिची अस्वले फार गोजिरी होतात. परंतु तिच्यात टाके मुळीच दिसत नाहीत आणि तिचे केस गळतात. अनुभवी हातांनीही ती मोठ्या मुलांच्या खेळण्यांपुरतीच वापरावी. रंग पक्का आहे की नाही हे पाहण्यासाठी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून धरावा. कापडावर डाग उमटला, तर तोच रंग उद्या बाळाच्या ओठांवर उमटेल. एका रंगाच्या दोन गुंड्या घ्यावयाच्या असतील तर त्यांच्या पट्टीवरील रंगाच्या घाणीचा क्रमांक जुळवून घ्यावा. नाहीतर हत्तीचे पोट एका छटेचे आणि सोंड दुसऱ्या छटेची होते.

आता सुई. सुई लहानशी दिसली तरी तिला चार अवयव आहेत: फासात शिरणारे टोक, दोरा पकडणारी खाच, फासाचे माप ठरविणारा गोल दांडा आणि अंगठा टेकावयाची सपाट जागा. सुईचा आकार म्हणून जो मिलिमीटरमध्ये सांगतात, तो दांड्याचा व्यास होय. लोकरीसाठी बहुधा ॲल्युमिनियमची सुई वापरतात. बांबूची, लाकडाची आणि प्लॅस्टिकचीही मिळते. तोरणांच्या बारीक दोऱ्यासाठी पोलादाची असते. पोलादी सुयांवर जे क्रमांक असतात त्यांची गंमत अशी, की क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. त्यामुळे क्रमांकावर न जाता मिलिमीटर विचारून घेणे चांगले.

खेळण्याच्या सुईविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐकून नवशिक्याला नवल वाटते. दोऱ्याच्या गुंडीवरील पट्टीवर जी सुई सुचविलेली असते, ती खेळण्यासाठी घ्यावयाची नसते. ती सूचना स्वेटर, शाल अशा अंगावर घ्यावयाच्या वस्तूंना धरून केलेली असते. शाल लवली पाहिजे, अंगावर पडली पाहिजे. म्हणून तिचे टाके मोकळे असावे लागतात. खेळण्याचे अंग ही एक पिशवी आहे. पिशवीत भरलेले धान्य सांडू नये म्हणून जसे घट्ट विणीचे कापड निवडतात, तशीच खेळण्याची वीणही घट्ट हवी. पट्टीवर ४ मिलिमीटरची सुई लिहिली असेल तर खेळण्यासाठी ३ किंवा अडीच मिलिमीटरची घ्यावी. दोरा तोच आणि सुई बारीक असली, की टाके आपोआप एकमेकांना चिकटून बसतात.

पण किती बारीक? सुई फार बारीक घेतली तर आकड्यात दोरा मावत नाही, टाक्यात सुई शिरत नाही, आणि तासाभरात मनगट दुखू लागते. हे ठरविण्यासाठी पाच-सहा फेऱ्यांची एक चकती विणून पाहावी व ती पुस्तकाच्या छापील पानावर थोडी ताणून धरावी. टाक्यांच्या फटींतून खालची अक्षरे ओळखू येऊ लागली, तर वीण सैल आहे असे समजून आणखी बारीक सुई घ्यावी. अक्षरे दिसत नाहीत आणि हातही दुखत नाही, तेथे थांबावे. प्रत्येकाच्या हाताचा ताण निराळा असतो. एकाच दोऱ्याने व एकाच सुईने दोन बहिणींनी विणलेल्या चकत्या शेजारी ठेवल्या तर बहुधा एक लहान आणि एक मोठी निघते. म्हणून दुसऱ्याच्या सुईचे माप विचारून घेण्यापेक्षा स्वतःची चकती विणून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

सुईच्या जोडीला लागणारी इतर हत्यारे थोडी आहेत आणि बहुतेक घरातच सापडतात. धारदार कात्री हवी. तोंड बोथट आणि नेढे मोठे असलेली एक सुई हवी. तिने हातपाय धडाला शिवावयाचे असतात, आणि ती बोथट अशासाठी, की तिने टाक्यांच्या मधून जावे, दोरा चिरून जाऊ नये. खेळण्याची वीण गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल चढत जाते. तिच्यात फेरी कोठे सुरू झाली ते डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा एक तुकडा फेरीच्या पहिल्या टाक्यात अडकवून ठेवतात. बाजारात यासाठी प्लॅस्टिकच्या खुणा मिळतात, पण दोऱ्याचा तुकडा तेवढेच काम करतो. कान नेमके कोठे शिवावयाचे ते पाहण्यासाठी टाचण्या लावतात. या टाचण्या मोजून लावाव्यात आणि मोजून काढाव्यात. सहा लावल्या आणि पाचच हाती आल्या, तर सहावी सापडेपर्यंत ते खेळणे कोणाच्याही हाती देता कामा नये.

भरणाच्या बाबतीत पूर्वी फारशी निवड नव्हती. घरात असेल तो कापूस, नाहीतर चिंध्या. पिंजलेला कापूस हाताला मऊ लागतो, पण काही दिवसांनी त्याचे गोळे होतात. पाण्यात पडला तर तो पाणी शोषून जड होतो आणि आतून लवकर वाळत नाही. उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटून त्यांतून रेशमासारखा कापूस उडू लागतो. तो उशांत भरतात, हे अनेकांनी पाहिले असेल. उशीला तो उत्तम. क्रोशाच्या खेळण्याला मात्र नाही. त्याचे तंतू इतके गुळगुळीत आणि हलके असतात, की बारीकशा फटीतूनही ते वाट काढतात आणि नाकातोंडात जातात. तो वापरावयाचाच असेल तर आधी दाट कापडाची लहान पिशवी शिवून तिच्यात भरावा व ती पिशवी खेळण्यात घालावी. हल्ली बहुतेक लोक उशांसाठी मिळणारा पॉलिएस्टरचा पांढरा तंतू वापरतात. तो पाणी शोषत नाही, धुतल्यावर लवकर वाळतो आणि दाबला तरी पुन्हा फुगतो. लहान मुलांच्या खेळण्याला तोच बरा. मात्र गर्द रंगाच्या विणीतून हा पांढरा तंतू डोकावतो. काळा कावळा विणणाऱ्याने हे आधीच ओळखून वीण नेहमीपेक्षा घट्ट ठेवावी. खेळणे जड होऊन नीट बसावे म्हणून काही जण तळाशी मूग, तांदूळ किंवा वाळू भरतात. धान्याला कीड लागते आणि ओल लागल्यास ते कुजते. वाळू फटींतून गळते. लहान मुलाच्या खेळण्यात यांपैकी काहीच भरू नये.

भरण एकदम मुठीने कोंबल्यास आत गाठी होऊन हत्तीच्या पोटाला टेंगळे येतात. ते चिमटीचिमटीने, पिंजून, पेन्सिलीच्या बोथट टोकाने कडांपर्यंत सारीत न्यावे. मानेशी भरण कमी पडले, की बाहुलीची मान लटकते. नवशिक्याच्या बाहुल्या ओळखावयाच्या त्या यावरूनच.

डोळ्यांचा विषय मात्र थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण खेळण्यात जीव येतो तो डोळ्यांनी आणि धोकाही बहुधा तेथूनच येतो. दुकानात काचेसारखे चकाकणारे प्लॅस्टिकचे डोळे मिळतात. त्यांना मागे एक दांडी असते. ती विणीतून आत घालून मागून एक चकती दाबून बसवितात, आणि एकदा बसलेली चकती सहजासहजी निघत नाही. म्हणून त्यांना ‘सुरक्षित डोळे’ म्हणतात. परंतु नावाने वस्तू सुरक्षित होत नाही. चकती पक्की असली तरी ती ज्या विणीवर टेकलेली आहे ती वीणच सैल असेल, तर मुलाने दातांनी ओढताच डोळा चकतीसह फटीतून बाहेर येतो. मणी, गुंड्या आणि घुंगरे यांचा तर दोरा झिजला की संपले.

अशी सुटी वस्तू मुलाच्या घशात अडकेल किंवा नाही हे पाहण्यासाठी खेळण्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत एक साधे साधन असते. ती एक लहानशी पोकळ नळी असून तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि तिचा तळ तिरका कापलेला असतो. तीन वर्षांखालील मुलाचा घसा डोळ्यांपुढे ठेवून हे माप ठरविले आहे. जी वस्तू न दाबता या नळीत पूर्णपणे मावते, ती तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात असता कामा नये. कागदावर ३१.७ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून त्यात घरातील गुंडी, मणी, बाटलीचे झाकण एकेक ठेवून पाहिले, म्हणजे किती वस्तू या धोक्याच्या मापात बसतात ते कळून येते. भारतात खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयीची मानके भारतीय मानक ब्यूरोने ठरविली असून १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर त्या संस्थेची मानकखूण बंधनकारक झाली. शासनाकडे नोंद असलेल्या हस्तकारागिरांना या बंधनातून सवलत देण्यात आली. घरी विणून भाचरांना दिलेल्या सशावर तर कोणतीच खूण नसते. तेथे तपासनीस कोण, तर ज्याने विणले तोच.

तीन वर्षांखालील मुलासाठी यावरचा उपाय अगदी सोपा आहे. डोळे बाहेरून बसवावयाचे नाहीत. ते काळ्या दोऱ्याने विणीवरच भरावयाचे. दोन-चार टाके इकडे तिकडे घालून तेच डोळे झोपाळू, खोडकर किंवा विस्मित करता येतात. प्लॅस्टिकच्या डोळ्यांना हे कोठून साधणार?

हे सारे नियम एकत्र येऊन एका इवल्याशा खेळण्यात कसे उतरतात, त्याचे उत्तम उदाहरण डेन्मार्क या देशात पाहावयास मिळते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली बाळे रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवावी लागतात. श्वासासाठी आणि दुधासाठी त्यांना नळ्या लावलेल्या असतात, आणि ही चिमुकली बाळे पुष्कळदा त्या नळ्याच मुठीत धरून ओढतात. २०१३ साली डेन्मार्कमधील काही स्वयंसेवकांनी अशा बाळांसाठी क्रोशाचे अष्टपाद विणून देण्यास आरंभ केला. अष्टपाद म्हणजे समुद्रातील आठ हातांचा प्राणी. त्याच्या पिळदार हातांशी बाळाने खेळावे आणि नळ्या सोडून द्याव्यात, अशी त्यामागील कल्पना. आईच्या पोटात असताना बाळाच्या हाताशी नाळ असते, तिचा भास बाळाला या हातांत होत असावा, असेही काहींचे म्हणणे आहे. या म्हणण्याला शास्त्राचा निर्विवाद आधार मिळालेला नाही. तरीही ही कल्पना अनेक देशांत पसरली आणि घरी बसून अष्टपाद विणणारे हात ठिकठिकाणी पुढे आले.

या अष्टपादासाठी घातलेले नियम पाहण्यासारखे आहेत. दोरा शंभर टक्के सुती हवा, कारण ते खेळणे ६० अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात धुवावे लागते. आतील भरणही तेवढीच उष्णता सोसणारे हवे. वीण इतकी घट्ट हवी, की भरणाचा तंतूही बाहेर डोकावता कामा नये आणि बाळाचे बोट टाक्यात अडकता कामा नये. डोळे दोऱ्याचेच हवेत. आणि प्रत्येक हात पूर्ण ताणला असताही २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा, म्हणजे तो बाळाच्या मानेभोवती वेढा घालू शकत नाही. या शेवटच्या नियमासाठी पट्टी हाताशी ठेवावी लागते. पिळाचा हात ठेवल्या जागी आखूड दिसतो आणि ओढला की केवढा तरी लांब होतो.

रुग्णालयात त्या बाळांवर परिचारिकांचे आणि यंत्रांचे सतत लक्ष असते, हे येथे विसरता येत नाही. घरी झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंथरुणात कोणतेही मऊ खेळणे ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मग ते कितीही काळजीपूर्वक विणलेले का असेना. बाळ जागे असताना, कोणीतरी जवळ बसले असताना, ते त्याच्या हाती द्यावे.

विणून, भरून आणि शिवून झालेले खेळणे देण्यापूर्वी दोन गोष्टी करावयाच्या राहतात. त्याचे कान, हात, पाय, शेपटी हे अवयव एकेक करून चांगले ओढून पाहावेत. हे करताना विणणाऱ्याच्या मनाला थोडे जड जाते. दोन आठवड्यांच्या श्रमाने उभा केलेला ससा स्वतःच्या हाताने कानाला धरून ओढावयाचा! परंतु मूल त्याला याहून मायेने वागविणार नाही. जो अवयव हलला तो उसवून पुन्हा शिवावा. मग ते कोमट पाण्यात साबणाने एकदा धुवावे. रंग गेला, भरण सरकले, दोऱ्याचे टोक बाहेर आले, तर ते घरीच कळते. धुतलेले खेळणे पिळू नये. पंचात गुंडाळून दाबावे आणि हवेशीर जागी ठेवावे. वरून ते संध्याकाळपर्यंत वाळल्यासारखे वाटते, पण पोटातली ओल दुसऱ्या दिवशीही असू शकते. पोट दोन्ही अंगठ्यांनी दाबून ते गालाला लावून पाहावे. गार लागले, तर आणखी एक दिवस उन्हात राहू द्यावे.